तळहाताखालचं वाक्य

यंत्रानं या वेळी हरकत घेतली नाही. दुपारभर ते लाल अक्षरांत एकच सांगत होतं, वाक्यात चूक आहे, आणि देवाजी दर वेळी चष्मा कपाळावर चढवून, पुन्हा उतरवून त्या वाक्याकडे पाहत होता. आता कळ दाबल्यावर पडदा जरासा थांबला, माणूस उत्तर देण्याआधी थांबतो तसा, आणि खाली साधी काळी ओळ उमटली. काम झालं होतं. तो खुर्चीत मागे टेकला. कूलरमधलं पाणी केव्हाच आटलं होतं आणि तो नुसती गरम हवा फेकत होता. खिडकीच्या कठड्यावर सकाळी पुसलेली काळी पूड पुन्हा बसली होती. चंद्रपुरात ती रोज बसते, आणि रोज पुसणारा माणूस ती कुठून येते असं विचारत नाही. ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं, बाकीची माणसं शिबिराला गेली होती. त्यानं ती काळी ओळ पुन्हा वाचली, या वेळी नीट. किती नोंदी बदलल्या ते यंत्र शेवटी सांगतं. तिथं एक असायला हवा होता. तिथं मोठा आकडा होता, आणि तो देवाजीच्या ओळखीचा होता. महिनाअखेरीच्या अहवालावर तो आकडा देवाजी स्वतःच टाकत असे. दोन्ही जिल्ह्यांत संस्थेनं आजवर ज्यांचं ज्यांचं रक्त तपासलं, त्या सगळ्या माणसांचा तो आकडा होता. खाली टायरच्या दुकानात कुणीतरी लोखंडी रिमवर घण मारत होतं. घण थांबला नाही. देवाजीला वाटलं, थांबायला हवा होता.

संस्था सिकलसेलची तपासणी करते. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकून बसतात, तो आजार. इकडच्या जंगलातल्या गोंड-माडिया वस्त्यांत तो आहे, देवाजीच्या बौद्ध समाजातही आहे, आणि ज्यांना वाटतं आपल्यात नाही त्यांच्यातही आहे. तपासलेल्या प्रत्येक माणसाची यंत्रात एक नोंद असते: नाव, गाव, कार्डाचा नंबर, आणि सगळ्यात शेवटी रक्ताचा प्रकार. निरोगी, वाहक किंवा रुग्ण. गावात हे शब्द कुणी वापरत नाही. गावात पांढरं, पिवळं आणि लाल कार्ड म्हणतात. लग्न ठरवताना आता पत्रिका-बित्रिका मागे पडली, आधी कार्ड मागतात. कार्डं रंगीत झेरॉक्सवर खोटी निघू लागली तेव्हा लोक आणखी शहाणे झाले. नंबर द्या म्हणतात, आणि आपल्या गावच्या आरोग्यसेविकेकडे जाऊन तिच्या टॅबलेटवर पाहून येतात. आरमोरीच्या अश्वजितच्या आईनंही तेच म्हटलं होतं. पोरगा चांगला होता, धानाच्या गिरणीत हिशेब पाहायचा, कमी बोलायचा आणि बोलताना देवाजीच्या मुलीकडे, खुशबूकडे पाहायचा. त्याचं स्वतःचं कार्ड पांढरं, खुशबूचं पिवळं. पांढऱ्याचं आणि पिवळ्याचं लग्न झालं तर लाल मूल होत नाही, हे देवाजीनं शिबिरा-शिबिरांत ओरडून सांगितलं होतं. पिवळं म्हणजे आजार नाही. पिवळ्याला काही होत नाही. माणसं मान हलवतात, चहा पितात, आणि घरी जाऊन पिवळ्या पोरीचं स्थळ परत करतात. खुशबूची याआधीची स्थळं अशीच परत गेली होती. सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात ती रोजंदारीवर रोपं मोजायला जाते. मागच्या वेळी स्थळ मोडलं त्या दिवशीही गेली होती, फक्त संध्याकाळी आल्यावर पेटीतला पिवळा ड्रेस काढून मामाच्या पोरीला देऊन टाकला. मले लहान होते म्हणाली. लहान होत नव्हता.

"साऱ्या जिल्ह्याचं रगत तुमच्या मशीनमंदी हाये म्हनता," देवाजीची बायको मीराबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली होती. तिनं मान वर केली नव्हती. "अन् आपल्या पोरीचं येक अक्षर हालत नाई तुमच्यानं?"

"ते माह्यं नाई. संस्थेचं हाये."

"पोरगी तं आपली हाये ना? का तेबी संस्थेची?"

खुशबू आतल्या खोलीतून केस पुसत आली. "देऊन टाका ना बाबा नंबर. पिवळी हाये तं पिवळी हाये. हळदीचा खर्च वाचला म्हना." आणि हसली. मीराबाईही हसली. देवाजी हसला नाही, कारण हसता हसता खुशबूनं टॉवेल तोंडावर धरला होता आणि तो बराच वेळ तिथंच राहिला होता. नंबर त्यानं स्वतःच आरमोरीला फोनवर सांगितला. उद्या पाहू म्हणाले. म्हणजे आज. आज सकाळी बसमधून चंद्रपूरला येताना त्यानं ठरवलं होतं असंही नव्हतं. तो आला, त्यानं कठडा पुसला, कुलूप काढलं, यंत्र सुरू केलं, आणि जे कुणाला सांगता येणार नाही ते काम माणूस करतो तसं, इतर कामं हातावेगळी करत करत तो त्याच्याकडे सरकत गेला. एका माणसाचा एक शब्द. कुणाचं नुकसान नव्हतं. पांढऱ्या पोराशी लग्न होणार, मूल लाल होणार नाही. खोटं होतं, पण त्या खोट्याखाली जे होतं ते खरंच होतं, पिवळं म्हणजे आजार नाही हे. मग पुसायचं कशाला? हा प्रश्न त्याला बसमध्येच पडला होता आणि त्यानं खिडकीबाहेर पाहिलं होतं. इतकी वर्षं जे लोकांना सांगितलं त्यावर त्याचा स्वतःचाच भरवसा नव्हता, असं त्या प्रश्नाचं उत्तर होतं.

नोंद बदलायचं वाक्य तसं लहान असतं. आधी अपडेट, मग तक्त्याचं नाव, मग काय बदलायचं ते, आणि शेवटी व्हेअर, म्हणजे कुठं बदलायचं. सुरुवातीचा भाग त्यानं स्वतः टंकला होता, एकेक अक्षर शोधत. शेवटचं शेपूट, व्हेअरपासूनचं, त्यानं नागपूरच्या रीना मॅडमच्या जुन्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमधून उचललं होतं. मॅडम संस्थेचं सगळं संगणकाचं काम पाहतात. एकदा एका गावाचं नाव चुकलं होतं तेव्हा त्यांनी त्याला नमुना पाठवला होता. त्यातला नंबर काढून त्यानं खुशबूचा घातला. कळ दाबली. लाल ओळ. त्यानं एक मोकळी जागा काढली, लाल ओळ. शेवटी अर्धविराम दिला, काढला, पुन्हा दिला. नंबर पुसून पुन्हा लिहिला. यंत्र कार्डाच्या नंबराजवळ बोट दाखवत होतं, तिथं पाहा म्हणत होतं, आणि देवाजी तिथं सोडून बाकी सगळीकडे पाहत होता, कारण तो भाग मॅडमचा होता. शिकलेल्या माणसानं लिहिलेलं चुकेल हे त्याच्या मनात येत नव्हतं. चूक असली तर ती त्यानं टंकलेल्या भागात असणार. त्याचं लिहिलेलं तो आजही चोरून वाचल्यासारखं वाचतो. आणि दर लाल ओळीसरशी त्याला आत कुठंतरी बरंही वाटत होतं. नाही होत आहे तर सोडून द्यावं. पण मग तो टॉवेल दिसायचा आणि तो पुन्हा वाक्यावर वाकायचा. आणि हळूहळू खुशबूही मागे राहिली, आरमोरीही, फक्त ती लाल ओळ उरली, आणि ती जावी एवढंच त्याला वाटू लागलं.

तेव्हा त्यानं तळहात ठेवला. पडद्यावर, वाक्याच्या मागच्या अर्ध्यावर. हे त्यानं ठरवून केलं नाही, हातानंच केलं. वाचणं त्याला मिसरूड फुटल्यावर आलं, बल्लारपूरच्या लाकूड डेपोत. गावात ढोरं राखली, मग डेपोत सागाचे ओंडके लोटायला लागला. ओंडक्याच्या कापल्या तोंडावर हातोड्यानं अक्षरं ठोकलेली असतात, कुठल्या जंगलातलं, कुणाच्या मालकीचं, ते सांगणारी. डेपोचा चौकीदार लटारूभाऊ ती हात न लावता वाचायचा. देवाजीनं ती आधी बोटांनी ओळखली, खोल गेलेल्या खुणा, कडेला चीक सुकलेला, मग डोळ्यांनी. ठोकलेलं अक्षर पुसता येत नाही, खोटं असत नाही, असं त्याला तेव्हा वाटलं आणि पुढे बरीच वर्षं वाटत राहिलं. अक्षरं जमली पण ओळ आली की तो घाबरायचा. चिवड्याच्या पुडीचा कागद समोर धरून लटारूभाऊ म्हणायचा, "सारं येकदम पाहू नोको, गड्या. भेव लागते. मांगचं हातानं झाक. पुढचं वाच. ते पोटात गेलं का मंग हात सरकव." त्याच्या हाताला डिंकाचा वास यायचा. तसा हात ठेवून देवाजी वर्तमानपत्र वाचायला शिकला, औषधाची चिठ्ठी वाचायला शिकला, पोराच्या, प्रफुल्लच्या रक्ताचा मोठ्या दवाखान्यातून आलेला कागदही त्यानं तसाच वाचला, आधी नाव, मग हात सरकवून बाकीचं. आजही त्यानं मागचं झाकलं आणि पुढचं वाचलं. ठीक वाटत होतं. पण लाल ओळ गेली नाही, म्हणून जे हातानं झाकलं होतं ते त्यानं कापून बाजूला ठेवलं. पुढचं एकटं चालतं का पाहू. चाललं तर चूक मागे आहे हे कळेल, मग हात सरकवू. रीना मॅडमनं बजावलेलं त्याला ठाऊक होतं, व्हेअर लिहिल्याशिवाय कळीकडे बोट नेऊ नका. पण माणसाला ठाऊक असणं वेगळं आणि हाताला ठाऊक असणं वेगळं. वाचणाऱ्याला अर्धं वाक्य म्हणजे अर्धंच असतं, पुढे काहीतरी येणार आहे हे त्याला माहीत असतं. यंत्रासाठी ते पुरं होतं. कुठं बदलायचं ते सांगितलं नव्हतं, म्हणून यंत्रानं सगळीकडे बदललं.

त्यानं तक्ता उघडला. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता. निरोगी. निरोगी. निरोगी. तो बोटानं खाली सरकवत गेला. एटापल्ली, धानोरा, कुरखेडा, मूल, गोंडपिपरी. गावं जात होती आणि शब्द तसाच राहत होता. असं हे यंत्र कधीच दिसलं नव्हतं; दर पानावर कुठंतरी वाहक असायचे, आणि एखादा रुग्ण. त्या एखाद्यावर त्याची नजर आपोआप अडायची, वाटेतल्या दगडाला पाय अडतो तशी. आता काहीच अडत नव्हतं. मग तो अगदी वर गेला, पहिल्या नोंदीवर. तिथं जायचं नाही असं त्यानं मघापासून मनाशी धरलं होतं.

पहिली नोंद प्रफुल्लची होती. संस्था सुरू झाली तेव्हा देवाजी रक्ताच्या नळ्यांची पेटी गाडीतून नेण्याच्या कामावर होता. संस्थेच्या म्हाताऱ्या डॉक्टरसाहेबांनी त्याला खुर्चीत बसवून यंत्र दाखवलं आणि म्हणाले, पहिलं नाव तुझ्या मुलाचं घाल. तेव्हा प्रफुल्ल जाऊन एक पावसाळा लोटला होता. साहेब, तो नाही आता, असं देवाजी म्हणाला. साहेब म्हणाले, म्हणूनच घाल. त्यानं एक बोट वापरून नाव घातलं, गाव घातलं आणि शेवटी रुग्ण. साहेबही गेले. नोंद राहिली, कुणी कधी काढली नाही. आता त्या नोंदीत लिहिलं होतं, प्रफुल्ल देवाजी, निरोगी.

तो त्या शब्दाकडे पाहत राहिला. प्रफुल्लला थंडी सोसायची नाही. पहाटे कोठीमागे पोरं काटक्या पेटवायची, हा सगळ्यात जवळ बसायचा, चड्डीला ठिणग्या लागेपर्यंत. तळ्यात पोहायला गेला की त्या संध्याकाळी गुडघे सुजायचे. हाडं चावून राह्यले बाबा, म्हणायचा. कोन चावून राह्यलं असं मीराबाई विचारायची, त्याला हसवायला, आणि तो खरंच विचार करून सांगायचा, मुंग्या. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तरी तेच. गावात कुणी वारं म्हटलं, कुणी बाहेरचं म्हटलं; अंगारे झाले, डाग देऊन झाले, दंडावरचे ते डाग शेवटपर्यंत राहिले. देवाजीनं त्याला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत नेलेलं आहे, किती वेळा ते आठवत नाही, पण पाठीला आठवतं. मानेवर त्याचा श्वास लागायचा, गरम आणि आखूड. रस्ता येईपर्यंत तो बोलायचा, गाडी येईल का, लाल येईल का पांढरी. शेवटच्या वेळी बोलला नाही. देवाजीचं आणि मीराबाईचं लग्न झालं तेव्हा कार्डं नव्हती. दोघंही पिवळी निघाली, पोरगा गेल्यावर. त्यानंतर बरेच दिवस ती दोघं एकमेकांकडे पाहायची नाहीत. कुणी कुणाला बोललं नाही, कारण दोघांचंही निम्मं निम्मं होतं.

आणि आता तो निरोगी होता. देवाजीला हसू आलं. निरोगी असता तर तिशी ओलांडली असती. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात लागला असता, कामावर मोटरसायकलनं गेला असता, हेल्मेट हँडलला अडकवून. हिवाळ्यात तळ्यात उडी मारली असती. पोट सुटलं असतं का? मीराबाईच्या घरातल्या पुरुषांची पोटं सुटतात. खुशबूच्या लग्नात भाऊ म्हणून उभा राहिला असता, आरमोरीवाल्यांशी तोच बोलला असता, आणि देवाजीला यातलं काहीच करावं लागलं नसतं. एका पडद्यावर एक शब्द, आणि त्यातून हे सगळं असं निघत होतं, एकामागोमाग एक, जणू आधीपासून तयार होतं आणि कुणीतरी दार उघडायची वाट पाहत होतं. नागपूरला दर शनिवारी सगळ्या नोंदींची एक प्रत निघते. रीना मॅडमना फोन केला तर त्या ती प्रत परत लावतील आणि सगळं पूर्वीसारखं होईल. पूर्वीसारखं म्हणजे प्रफुल्ल पुन्हा आजारी. देवाजीनं फोनकडे पाहिलं आणि उचलला नाही. जरा वेळ. जरा वेळ असू द्या त्याला असं.

फोन आपणच वाजला. दुर्गाचा होता, एटापल्लीकडच्या आतल्या गावांतली आरोग्यसेविका. आवाजामागे कोंबडी ओरडत होती आणि बायका बोलत होत्या.

"भाऊ, येक इचारू का? रागवू नोका."

"बोल."

"त्या धुरपताचा झिंगू नाई का, सोमवारी तुमाले ज्याची नोंद देली? लाल कार्ड? आत्ता रेंज भेटली तं टॅबलेटवर पांढरा दाखवून राह्यला."

देवाजीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्या म्हटलं दुसऱ्यांदा तपासलं असन तुमी. धुरपता बाजूलेच होती, तिनं पाह्यलं. रंग तं कोनालेबी समजते ना भाऊ. आता अख्खं गाव गोळा झालं हाये. देवाले, पेनाले कोंबडा देऊन राह्यले." ती हसली. "मले बी वाटा हाये म्हनते. मंग त्याच्या गोळ्या बंद करू ना?"

"गोळ्या बंद करू नोको."

"मंग पांढरा काऊन दाखवते?"

"मशीन..." असं म्हणून तो थांबला. समोरच्या पडद्यावर पहिली नोंद तशीच होती. "मशीन नाई. म्या चुकलो. पोरगा लालच हाये."

 कोंबडी ओरडायची थांबली होती. "भाऊ, हे म्या नाई सांगत तिले," दुर्गा हळू म्हणाली. "आंधी लाल म्हनून म्याच सांगतलं, मंग पांढरा म्हनून म्याच दाखवलं. आता पुन्हा माह्याच तोंडानं? तुमीच सांगा. घ्या, बोला."

फोन या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज आला. धुरपताला मराठी थोडं येत होतं. ती शब्द पारखून पारखून टाकत होती.

"भाऊ. पोरगा बरा झाला ना?"

"नाई, बाई. बरा नाई झाला. लिवलेलं चुकलं."

"लिवलेलं चुकलं." तिनं ते तसंच परत म्हटलं. जवळच्या कुणाला तरी गोंडीत सांगितलं, आणि तिकडचं बोलणं एकेक करून थांबत गेलं. "कोन लिवलं?"

"म्या लिवलं."

"तू काऊन लिवला?"

त्याला खूप काही सांगता आलं असतं. वाक्य कसं असतं, शेपूट कसं कापलं, तळहात. "माह्या पोरीसाठी," तो म्हणाला.

"तुह्या पोरीले बी हाये हे?"

"हाये. पिवळं."

"आन मंग ते बी बरी नाई झाली?"

"नाई, बाई."

 पलीकडे एक लहान पोरगा काहीतरी विचारत होता, गोंडीत, एकच प्रश्न दोनदा. त्याला कुणी उत्तर दिलं नाही. "गोळ्या देत राहा," देवाजी म्हणाला. "पानी लय पाज. उनात जाऊ देऊ नोको." हे तो शिबिरात म्हणतो त्याच आवाजात निघालं, आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकवेना. फोन परत दुर्गाकडे गेला होता.

"साऱ्या गावाचं पांढरंच दिसून राह्यलं भाऊ, आत्ता पाह्यलं म्या. का आमचंच?"

"साऱ्यायचंच. टॅबलेट बंद ठेव. दुसऱ्या सेविकांयले बी सांग."

"वरून इचारलं तं?"

"माह्यं नाव सांग."

त्यानं फोन ठेवला. शनिवारच्या प्रतीत झिंगूचं गाव नव्हतं, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. या आठवड्यात भरलेली गावं तिच्यात नसणार. ती नोंद पुन्हा भरावी लागेल, आणि दुर्गाला पुन्हा त्या दारात जावं लागेल, कोंबडा दिलेल्या घरात. आरमोरीची सेविकाही आता कुणाला तरी टॅबलेट दाखवत असेल. तिला फोन करायचा नाही, असा विचार त्याच्या मनात आला, स्पष्ट आला. तिला सांगितलं नाही तर? आरमोरीवाले पाहतील, पांढरं दिसेल, घरी जातील. संध्याकाळपर्यंतच तर टिकायला हवं. तो विचार तिथं उभा राहिला आणि देवाजीनं त्याच्याकडे पाहिलं, जसं दारात आलेल्या माणसाकडे, आत ये न म्हणता, जा न म्हणता. मग त्याला खुशबू दिसली, हळदीचा खर्च वाचला म्हना म्हणताना, आणि वाटलं की नंबर देऊन टाका म्हणाली तेव्हा ती घाबरली नव्हती. घाबरला तो होता. टॉवेल तिचा होता, पण भीती त्याची होती.

कापून बाजूला ठेवलेलं शेपूट पडद्याच्या कोपऱ्यात तसंच होतं. आता त्यानं ते मोठं करून पाहिलं. नंबराच्या दोन्ही बाजूंच्या अवतरणाच्या खुणा यंत्राला सरळ लागतात. मेसेजमधून येताना फोननं त्या सुंदर करण्यासाठी वाकवल्या होत्या. बारीक, टोकदार, विळ्यासारख्या. डॉक्टरसाहेबांनी एकदा त्याला भिंगाखाली, काचपट्टीवर मागे राहिलेलं प्रफुल्लचं रक्त दाखवलं होतं. त्यानं पडदा पुन्हा लहान केला.

मग तो सरळ बसला आणि नवं वाक्य सगळंच्या सगळं स्वतः टंकलं, कुठून काही न उचलता. अपडेट. तक्ता. रक्ताचा प्रकार, रुग्ण. व्हेअर. पहिला नंबर. खुणा सरळ. मॅडमची प्रत लागली की ही नोंद आपोआपच परत फिरली असती, त्याला काही करायची गरज नव्हती. पण नागपुरात बसलेल्या, त्या पोराला कधी न पाहिलेल्या कुणीतरी एका कळीनं त्याला पुन्हा आजारी करावं, हे त्याला नको होतं. हे दुसऱ्या कुणाच्या हातून नको. त्यानं वाक्य वाचलं, मागचं न झाकता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, ओठ हलवत. कळ दाबली. यंत्रानं हरकत घेतली नाही. एक नोंद बदलली. खाली निरोगी माणसांचा मोठा थवा होता आणि सगळ्यांत वर एकटा तो, रुग्ण. मग त्यानं खुशबूचा नंबर घातला. वाहक. एक नोंद बदलली. इतकं सोपं होतं.

आरमोरीच्या सेविकेला त्यानं फोन केला. ते लोक येऊन गेले होते. पांढरं पाहून पेढे देऊन गेले, एक पेढा तिच्या टेबलावर अजून होता असं ती म्हणाली. ते चुकीचं आहे, पुन्हा बोलावून दाखवा, असं त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "भाऊ, तुमचीच पोरगी ना ते?" तो म्हणाला, "हो. म्हनूनच दाखवा." मग त्यानं नागपूर लावलं.

रीना मॅडमनं शांतपणे ऐकलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. की-बोर्डचा आवाज येत होता, त्या तिकडून तक्ता पाहत असाव्यात. 

"देवाजी, तुम्ही नेमकी कोणती ओळ चालवली? जशी आहे तशी वाचून दाखवा. मला लिहून घ्यायची आहे."

ती ओळ पडद्यावर अजून होती. त्याचा उजवा हात उचलला गेला होता. त्यानं तो खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. त्यानं वाचली. अपडेट. तक्त्याचं नाव. रक्ताचा प्रकार. निरोगी. तो थांबला.

"पुढे?" मॅडम म्हणाल्या.

खाली रिमवर पुन्हा घण पडू लागला.

"पुढं काही नाही, मॅडम."